माझं म्हणणं

४ मार्च
नातीची अर्धी कोरी वही पडून होती, ती घेतली. शाळा तिसरीत सुटली, पण अक्षर सुनेपेक्षा बरं आहे. कोणी वाचायचं नाही.

जमिनीच्या ऑफिसातून नोटीस आली. चष्मा मुलाने दुरुस्तीला नेलाय, म्हणून त्यानेच वाचून दाखवली. या घराच्या जागेवरून माझं नाव काढा असा अर्ज आलाय. म्हणे मी माझा हक्क तोंडी सोडला. माझ्या तोंडून आजवर पुष्कळ काही सुटलं, पण जागा कधी सुटली नाही. अर्ज कुणाचा ते वाचताना मुलाला ठसका लागला. पाणी दिलं, पाठ चोळली. नाव राहूनच गेलं. न वाचता कळलंच म्हणा: पुतण्या. दिराचा मुलगा, दिरावरच गेलाय.

हरकत असेल तर बावीस तारखेला हजर राहून म्हणणं मांडायचं. मुलगा म्हणाला, आई तू कशाला दगदग करतेस, मी बघतो ना. गुणाचं पोर. पण मी जाणार.

५ मार्च
ठरवलं. साहेबापुढे शिव्या द्यायच्या नाहीत. दिराचा विषय काढायचा नाही. रडायचं तर मुळीच नाही.

८ मार्च
शेजारच्या शिंपिणीला साहेब केलं. मशीनपाशी बसली, गळ्यात टेप. मी सुरू केलं. साहेब, ह्या भिंती चढल्या तेव्हा मला सातवा महिना. पोटात हा मुलगा, डोक्यावर विटांची पाटी. गवंडी ओरडायचा, बाई, खाली बसा. हे गेले आणि तो गवंडीही गेला. आता त्या पाटीचं सांगायला मी एकटीच उरले.

साहेब म्हणाले, मावशी, हात वर करा, काखेत उसवलंय.

मग दिराचा विषय निघाला. मग शिव्या. उद्यापासून नीट.

११ मार्च
अंगणात दोन माणसं टेप धरून मापं घेताना सापडली. पुतण्याचे हेर! भांड्याचं खरकटं पाणी ओतलं अंगावर. मुलगा धावत आला. मला वाटलं, आता कॉलर धरतो. त्याने त्यांना टॉवेल दिला, चहा पाजला. फार मऊ आहे, बापासारखा. असल्याला जग लुटतं. त्याच्यासाठी तरी मला बोलायला हवं.

१५ मार्च
पुतण्या आला. उंबऱ्यातच उभा केला. काकू, माझा ह्यात काडीचा संबंध नाही, म्हणाला, जरा घरात बघा. मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. तोंड पाडून गेला.
घरात बघितलं. झुरळं होती.

१९ मार्च
मुलाने स्कूटरवरून एक फ्लॅट दाखवायला नेलं. मित्राचा आहे म्हणाला. चौथा मजला, लिफ्ट. एका खोलीत उभं करून विचारलं, आई, ही आवडली का? मी म्हटलं, मित्राच्या आईला आवडली म्हणजे झालं.
चष्मा अजून नाही. दुकानदार आजारी. ह्या वयात कसले आजार काढतात कोण जाणे. ही वही अंदाजानेच लिहिते.

२२ मार्च
शिंपिणीबरोबर गेले. साहेब मीटिंगला. तारीख पाच एप्रिल. मुलगा कामासाठी बाहेरगावी, नाहीतर तोच आला असता. ऑफिसबाहेर आमच्यासारखीच स्कूटर उभी होती. हँडलला नात बांधते तशी लाल रिबनसुद्धा. कंपन्या हल्ली सगळं एकसारखंच काढतात. शिंपीण म्हणाली, मावशी... आणि पदराने तोंड पुसत राहिली. तिला ऊन लागलं असावं.

४ एप्रिल
भाषण पाठ. न थांबता, शिव्या न देता. मुलगा उद्या पुन्हा बाहेरगावी. त्याच्या निळ्या शर्टाचं बटण तुटलेलं, ते लावून दिलं. दोरा हातानेच चाचपून ओवला. वाईट वाटलं त्याला. कसं बघत होता माझ्याकडे.

५ एप्रिल
शिपायाने पुकारा केला. आत गेले.

साहेब चांगला निघाला. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, आजी, तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय मी काही ठरवणार नाही, सावकाश सांगा. जन्मात पहिल्यांदा कोणी मला सावकाश बोल म्हणालं.

मग म्हणाला, अर्जदार उभे राहा.

टेबलापलीकडे निळा शर्ट उभा राहिला. चष्मा नव्हता, पण बटण ओळखलं. इतर बटणांपेक्षा जरा मोठं. घरात तेवढंच होतं.

साहेबाने विचारलं, तुमच्या मुलाने शपथेवर लिहून दिलंय की तुम्ही हक्क सोडला. खरं आहे का?

सगळं पाठ होतं. सातवा महिना, पाटी, गवंडी. पण त्या भाषणात तो पोटात होता. असा समोर उभा नव्हता. नाही म्हटलं असतं, तर भर ऑफिसात पोटचा पोर खोटा ठरला असता.

मी म्हटलं, सोडला.

साहेब म्हणाला, आजी, कोणी दबाव आणलाय का? विचार करा. पुन्हा विचारतो. त्याने पुन्हा विचारलं. मीही पुन्हा तेच सांगितलं. त्याला वाटलं असेल, म्हातारीला वेगळं काही येत नाही.

बाहेर शिंपीण पायरीवर बसून रडत होती. मी तिला दटावलं. ठरवल्यातलं एवढं तरी पाळलं: मी रडले नाही.

६ एप्रिल
चष्मा परत आला. काच तीच, काडी तीच. मोडका स्क्रूसुद्धा तसाच. दुकानदाराने काहीच केलं नाही.

१२ एप्रिल
पुतण्याला निरोप पाठवला, येऊन जा म्हणून. आला नाही. त्याचंही बरोबर आहे.

२ जून
चौथा मजला. खोली मित्राच्या आईची नव्हती. गॅलरी आहे, तीत एक खुर्ची मावते. मी बसले की दार लागत नाही. सून म्हणाली, आई, धूळ येते हो आत. म्हणून आता मी आतच बसते.