मुद्गल नव्हे, पिंजाऱ्याचा दस्ता

मी, अख्तरबानू दादामियाँ शेख, वय ६९, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी भाजीच्या भावावरून एकदा बोलून पाहावे.

१. घर व बँकेतील रक्कम यांची वाटणी मुलगा चांद व मुलगी कमरजहां यांच्यात शरीयतप्रमाणे व्हावी. त्यात मी लुडबुड करीत नाही.

२. शिलाई मशीन शेजारच्या सरुबाईंना द्यावे. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तीन महिने त्यांनी मला भाकरी करून घातली. ते उपकार मशीनने फिटणारे नाहीत, पण त्यांचे स्वतःचे मशीन फारच कुरकुरते.

३. दिवाणखान्यात टांगलेली लाकडी वस्तू चांदची मुलगी, माझी नात निलोफर हिला द्यावी. दीड वीत लांब, मध्ये बारीक, दोन्ही टोकांना गोल गड्डे. माझे मरहूम पती सांगत, की हे त्यांच्या पैलवान वडिलांचे मुद्गल. चांदने खाली तशी पितळी पाटीही ठोकली.

या हिवाळ्यात मकसूदभाई गाद्या पिंजायला न्यायला आले. भिंतीकडे बघून म्हणाले, "खाला, मुद्गलाला दोन डोकी कुठून आली? हा दस्ता आहे. पिंजाऱ्याच्या धनुकलीला ताणून बांधलेली तात असते, तिच्यावर ह्यानं मारायचं, म्हणजे कापूस फुलतो." मग गड्ड्याच्या काठावर तातीने पडलेल्या खाचा दाखवल्या. दस्ता हातात घेताच त्यांचे मनगट आपोआप फिरू लागले. माझे सासरे पिंजारी होते, हे मला लग्नाला एकोणपन्नास वर्षे झाल्यावर कळले.

आधी मी गेलेल्या माणसावर पोटभर चिडले. मग आठवले, माझ्या माहेरी पिंजाऱ्याला दाराबाहेर, कान तुटलेल्या कपात चहा देत. खरे कळते तर अब्बांनी स्थळ परतवले असते आणि मीही मान डोलावली असती. मग इतक्या चांगल्या माणसाला मी मुकले असते. त्या खोट्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आणि खांद्यावर धनुकली घेऊन गल्लोगल्ली फिरून ज्यांनी त्यांना मॅट्रिक केले, त्या सासऱ्यांची त्याहून अधिक.

४. निलोफरचे लग्न पैलवानांच्या घराण्यातली मुलगी म्हणून ठरत आहे. चांद म्हणतो, "अम्मी, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू." 'मग'ला किती वर्षे लागतात, याचा मला अनुभव आहे. स्थळ मोडेल, ही त्याची भीती खोटी नाही. तरीही या कागदाची एक नक्कल आजच मुलाकडच्यांना पोस्टाने जाईल. पाकिटावरचा पत्ता निलोफरने स्वतः लिहिला आहे.

वकील शरच्चंद्र यांनी हे कलम गाळा म्हणून सांगितले. त्यांची फी दिली, सल्ला परत केला.

पुणे, १४ मार्च १९९८

सही: अख्तरबानू दादामियाँ शेख, पिंजाऱ्याची सून

साक्षीदार:
१. मकसूद, गादी कारखानदार, बिबवेवाडी
२. चांद दादामियाँ शेख (सर्व वाचले. अम्मी, पाकीट मी टाकून येतो.)