सहीच्या खालचं

बाबा,

आज आमच्या कार्यालयाच्या वेबसाइटने एका बाईला जाहिरात वाचून दाखवली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि ते काम मी केलंय. तुम्ही असता तर हे मी फाटकातूनच ओरडून सांगितलं असतं. वेबसाइट म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते आणि आपल्या सानगडीत संगणक म्हणजे ऐकण्यातली गोष्ट होती. साकोलीच्या कचेरीबाहेरचा जाळीच्या दाराचा सूचनाफलक आठवतो ना? तसाच फलक आता लोकांच्या खिशातल्या फोनवर दिसतो. दिसतो म्हणजे ज्यांना दिसतं त्यांना. तुमच्यासारख्यांचा फोन बोलतो, पडद्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचतो. मात्र तिथे खरोखर काही लिहिलेलं असायला पाहिजे.

तो फलक मला अजून पाठ आहे. जिल्हा तुटला ते साल. गोंदिया वेगळा झाला, आपण भंडाऱ्यातच राहिलो, आणि कोणतं काम कुठल्या कचेरीत हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. फलकावर कागदावर कागद चिकटवलेले. वळलेल्या बिड्या पोचत्या करून आपण तिथे जातो. तुमचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात रिकामी पिशवी, बोटांना तंबाखूचा वास. मी चौथीत आहे, वाचनात वर्गात पहिली, आणि त्याचा मला भारी तोरा. अपंगत्वाच्या दाखल्याची तपासणी यापुढे भंडाऱ्याला होईल, एवढं मी घडाघडा वाचते, साहेबाच्या सहीपाशी येते आणि म्हणते, झालं.

"मधातलं काही सोडलं तू," तुम्ही म्हणता.

"ते उगाच आहे बाबा. नुसते नंबर आहेत."

"अन सहीच्या खाली?"

"बारीक अक्षर आहे. कामाचं नाही."

तुम्ही खांद्यावरचा हात काढून घेतलात. राग आला की तुमचा आवाज चढायचा नाही, खाली यायचा, आणि तोच मला जास्त लागायचा. "सप्पा वाच. कामाचं कोन्तं अन बिनकामाचं कोन्तं, ते मी ठरवतो. तुले डोळे आहेत म्हनून माह्या डोक्याचं काम तू नको करू." मग मी रडवेल्या आवाजात सगळं वाचलं, संदर्भ, क्रमांक, हुद्दे. सहीच्या खाली एक टीप होती. आपल्या भागातल्या लोकांची तपासणी येत्या बुधवारी साकोलीच्याच दवाखान्यात होणार होती. भंडाऱ्याचा हेलपाटा वाचला. बाजारातून परतताना तुम्ही एका दुकानात थांबलात आणि टेबलावर ठेवायचा दिवा मागितलात. दुकानदाराने तुमच्याकडे नीट बघून विचारलं, "तुमाले कायले पायजे?" तुम्ही म्हणालात, "माह्या डोळ्यायले," आणि पुन्हा माझ्या खांद्यावर हात ठेवलात. त्या दिव्याखाली मी कॉलेजपर्यंतचा अभ्यास केला. त्याचं बटण आता ढिलं झालंय, पण दिवा घरात आहे.

आता माझ्या नोकरीचं ऐका. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, पण जिल्ह्यातलंच आहे. मी कंत्राटी, साइटचं काम बघते. आमच्याकडे जाहिरात कशी निघते हे कळलं तर तुम्ही हसाल. बाबू ती संगणकावर टाइप करतात, मग छापतात, तिच्यावर साहेबांची सही आणि गोल शिक्का होतो, आणि त्या कागदाचा फोटो साइटवर चढतो. म्हणजे चांगली अक्षरं होती, त्यांचं आम्ही चित्र केलं. बोलणारा फोन तिथवर येतो, "चित्र" म्हणतो आणि गप्प बसतो. बाकी साइटवर जिथे बघावं तिथे "येथे क्लिक करा". कशासाठी ते शेजारी लिहिलेलं, पण फोन नुसतं तेवढंच म्हणत राहतो. मी रोज ती साइट बघत होते, पण कधी ऐकली नव्हती.

मग भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून ती बाई आली. जन्मापासून दिसत नाही. घरी अगरबत्ती आणि फिनाइल बनवते, आणि बसस्टँडजवळ दिव्यांगांसाठी जे गाळे निघतात त्यातला एक तिला हवाय. माझ्या टेबलाशी उभी राहून म्हणाली, "ताई, गेल्या साली जाहिरात तुमच्या साइटवर होती म्हनते. मले मुदत गेल्यावर समजलं. मोबाईल नुसता चित्र, चित्र करते. यंदाबी तसंच करता काय?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. मी तिला पाणी दिलं.

आमचे मोठे बाबू सेवानिवृत्तीला आलेत, माणूस वाईट नाही. फोटोऐवजी अक्षरंच चढवू म्हटलं, तर ते म्हणाले, "शिक्क्याशिवाय कागदाले कोन खरं मानते व? उद्या कोनीबी काहीबी लिहून फिरवन." त्यांचंही खरं होतं. मी म्हटलं, शिक्क्याचा फोटो राहू द्या, सोबत अक्षरंही ठेवू. तुम्ही टाइप केलेल्या फाइली तेवढ्या द्या. तर फाइली नव्हत्याच. आमच्याकडे रीत अशी की मागची जाहिरात उघडायची, तारखा बदलायच्या, छापायची आणि त्याच नावाने ठेवून द्यायची. दर टेबलाची एकच फाइल, आणि तिच्या पोटात सगळी वर्षं गडप. मग मी फोटो बघून पुन्हा टाइप करत बसले. नव्या जाहिरातीची नवी फाइल करायची, हे टेबलाटेबलावर जाऊन शिकवलं. "येथे क्लिक करा" पुसून, काय उघडेल ते लिहिलं. मग पडदा बंद करून सगळी साइट नुसत्या कानांनी चालून पाहिली. दोनदा वाट चुकले, तिथे दुरुस्ती केली.

काम अर्ध्यावर असताना साहेबांनी बोलावलं. ते म्हणाले, एवढा खटाटोप कशाला? दिव्यांगांच्या उपयोगाचं तेवढं निवडा, चार ओळींचं वेगळं पान करा, आठ दिवसांत मोकळ्या व्हा. त्यांचा हेतू चांगला होता. माझं कंत्राट त्यांच्याच सहीने वाढतं, आणि त्याची मुदत जवळ आली होती. मी हो म्हणणारच होते, पण तोंडातून दुसरंच निघालं, तेही खालच्या आवाजात. "साहेब, कामाचं कोन्तं अन बिनकामाचं कोन्तं, ते त्यायचं त्यायले ठरवू द्या." कार्यालयात मी असं गावाकडचं बोलत नाही. साहेब म्हणाले, "बरं. पण गाळ्यांच्या जाहिरातीआधी झालं पाहिजे." झालं, बाबा. कंत्राटही वाढलं.

आज ती बाई परत आली. मोठ्या बाबूंनी स्वतःची खुर्ची पुढे केली. तिने फोन टेबलावर ठेवला, बोट फिरवलं, आणि फोन वाचू लागला. संदर्भ वाचले, क्रमांक वाचले, गाळ्याचं माप, अर्जाची मुदत. तो सपाट, घाईचा आवाज कार्यालयभर ऐकू येत होता, आणि मी उगाच फाइली आवरत उभी होते. सहीचं नाव आणि हुद्दा आला तसे मोठे बाबू म्हणाले, "झालं. संपलं."

"थांबा बाबू," ती म्हणाली. "खाली आहे काही."

फोनने वाचलं, "प्रतिलिपी. लेखा शाखा. सूचना फलक." आणि थांबला.

"पाहा," मोठे बाबू म्हणाले, "काही होतं काय त्यात?"

"काही नव्हतं," ती म्हणाली. "पन काही नाही, हे माहं मले समजलं."

मोठे बाबू माझ्याकडे वळून म्हणाले, "पानीपट्टीची नोटीस आहे न, तेबी लाव. आयकून पाहू." गाळा तिला मिळेल की नाही हे सोडतीवर आहे. अर्ज मात्र तिने तिथेच बसून स्वतः भरला, आणि काही अडलं तेव्हा मला नाही, फोनला विचारलं. मला त्याचा फार अभिमान वाटला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. नव्या फाइलमध्ये लिहिलंय, नव्या नावाने ठेवून देते. खाली सही करत नाही बाबा. केली तर तुम्ही विचाराल की सहीच्या खाली काय आहे, आणि मग मला सांगावं लागेल की मोठे बाबू "संपलं" म्हणाले तेव्हा मी त्या बाईकडे बघतच नव्हते. माझ्या खांद्यावर तुमचा हात येईल म्हणून उभी होते.