आईच्या खोलीसाठी पेडल

बानलम,

तू उठायच्या आत मी हॉस्पिटलला निघालेय. टेबलावर तुझ्या गिटारची दोन्ही रिव्हर्ब पेडलं आहेत. महागडं आजच पोलीस बाजारच्या दुकानात परत कर. त्यातल्या ढीगभर आवाजांचं तुला कौतुक, पण आपल्याला एकच हवाय. स्वस्तातलं छोटं पेडल लावलं की तुझी गिटार चर्चमध्ये वाजल्यासारखी घुमते, मी ऐकलंय. ते बॅटरीवरच लाव, अडॅप्टरवर गुरगुरतं.

डॉक्टर म्हणाले, आईला घरी न्या. मामांनी सही केली. बरी झाली म्हणून नाही रे, एवढं तरी कळू दे तुला.

तिला तुझ्या खोलीत ठेवू, तिथंच ऊन येतं. बँडसाठी भिंतीभर अंड्यांचे ट्रे चिकटवून तू त्या खोलीतला घुमारा पार मारून टाकलायस. आता ते काढत बसू नकोस, तेवढा वेळ नाही. पलंग लाव. माणसं यायला लागतील, क्वायसाठी विड्याची पानं चुना लावून, सुपारी कापून ठेव.

काल आई म्हणाली, "रविवारी मला चर्चला न्याल ना?" मी हो म्हणून बसले.

रविवारसाठी गिटार जुळवून ठेव. आई आता डोळे मिटूनच असते.

रिडा