एकवीस कानशी आणि एक

प्रिय धाकटोबा,

अत्यंत जड अंतःकरणाने, आणि त्याहून जड झालेल्या उजव्या हाताने, तुला कळवते की तुझ्याविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. माझा हात प्लास्टरमध्ये असताना तू रजा काढून पंधरा दिवस येऊन राहिलास, भांडी घासलीस, चहा केलास (त्याबद्दलची तक्रार वेगळी आहे), माझी वेणी घालण्याचा प्रयोगही करून पाहिलास. इथवर मी काही बोलले नाही. पण निघायच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले आणि मागच्या खोलीतलं माझं वर्कशॉप तू ‘आवरलंस’. परवा प्लास्टर निघालं. खोलीत जाऊन बघते, तर फळी ओस पडलेली. बावीसपैकी एकवीस कानशी बिस्किटांच्या डब्यात एकमेकींना खेटून उभ्या, तेलात न्हालेल्या. एक तेवढी आपल्या खाचेत राहिली होती, ती विसरलास. वर तुझी चिठ्ठी : “ताई, सगळ्यांना तेल दिलंय. आता गंजायचं नाव घेणार नाहीत!”

अरे, कानशी आहेत की दाराच्या बिजागऱ्या? कानस कापते ती दातांनी. एकीचे दात दुसरीवर घासले की दोघीही बोथट होतात, म्हणून तर फळीवर प्रत्येकीला स्वतंत्र खाच. आणि तेल लागलं की धातूचा कीस दातांत चिकटून बसतो, मग कानस कामावर नुसती घसरत राहते, आपल्या मोठ्या मामांसारखी : हालचाल भरपूर, काम शून्य. तिला हवी कोरडी जागा आणि दातांवर थोडा खडू. बस्स. तिच्या एवढ्याच अपेक्षा. माझ्यापेक्षा कितीतरी कमी.

दोन दिवस मी एकेक कानस रॉकेलने धुतली, तारेच्या ब्रशने दातांच्या ओळीओळीने साफ केली, वाळवली, खडू फासला. प्रत्येकीमागे तुझा एकदा उद्धार. एवढा शहाणा माणूस, ऑफिसात पन्नास जणांना सांभाळतो, आणि याला एवढीशी गोष्ट ठाऊक नसावी? असं म्हणत म्हणत नववी कानस हातात घेतली आणि जीभ जागीच थांबली. ठाऊक कशी असणार? तुला कुणी शिकवलंच नाही.

नववी म्हणजे पिवळ्या मुठीची. बाबा कुलपं दुरुस्त करायचे, त्यांची सर्वांत नाजूक कानस. पिवळी मूठ फक्त पितळेला, काळी मूठ लोखंडाला, हा त्यांचा कायदा. मला मात्र करवतीच्या तुटक्या पात्याचा चाकू करायचा होता. ते पातं कानशीइतकंच कडक असतं, हे सोळाव्या वर्षी मला पक्कं माहीत होतं. तरी म्हटलं, कोण बघतंय! दहा हात मारले आणि दात गेले. कानशीचं पोट आरशासारखं गुळगुळीत. ती टेबलावर टाकून मी हात धुवायला पळाले.

तू अकरा वर्षांचा. कानस जागेवर नाही हे तुला बघवेना, म्हणून उचलून खाचेत ठेवायला निघालास, आणि तेवढ्यात बाबा आले. त्यांनी अंगठ्याने ते पोट चाचपलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “हा हात या कामाचा नाही. तू आपला अभ्यास कर. इथे पुन्हा येऊ नकोस.” मी दारात, हाताला साबण तसाच. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि मान खाली घातलीस. संध्याकाळी बाबांनी तुझी छोटी त्रिकोणी कानस मला दिली. मुठीला तू निळा दोरा गुंडाळला होतास ना, तीच. मी ती घेतली.

तू अभ्यास केलास, मोठा झालास. सगळे म्हणतात, पोराने नाव काढलं. पण या पंधरा दिवसांत तू दर वेळी वर्कशॉपच्या उंबऱ्याशी थांबून “येऊ का?” म्हणायचास. एकोणपन्नास वर्षांचा माणूस! मला वाटायचं, चेष्टा करतो आहेस. “ये की, साहेब,” असं म्हणून मी हसायचे. काल साफ केलेल्या कानशी फळीवर लावताना कळलं, खाचेत राहिली होती ती निळ्या दोऱ्याची. ती तू विसरला नव्हतास. तिला तू हात लावला नाहीस.

तेव्हा, हात नुकता मोकळा झाला आहे, अक्षर वाकडं येतं आहे, पण हे याच हाताने लिहायला हवं : ती पिवळ्या मुठीची कानस मी घालवली. तुला हे अडतीस वर्षं ठाऊक आहे, माझ्याकडून मात्र आज पहिल्यांदा कळतं आहे. बाबांना सांगायचं राहून गेलं, ते आता राहिलंच. सोबतच्या पुडक्यात तुझी कानस आहे. मी ती एकदाही वापरली नाही, हात धजावला नाही. दरवर्षी फक्त खडू लावत आले. दोरा तुझाच आहे. फळीवरची तिची खाच रिकामी ठेवली आहे. रविवारी ती घेऊन ये, पितळेचा एक तुकडा काढून ठेवते. दारात थांबू नकोस, सरळ आत ये.

आणि तोवर कृपा करून तिला तेल लावू नकोस.

तुझीच,
ताई