दुसऱ्याचं गाऱ्हाणं

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. ठीक काही नाही.

आमच्या धुलाईखान्यातले भट्टीवाले बाबा गेले. बॉयलरची वाफ सोडायची चावी जाम झालीय म्हणून मुकादमाच्या मागे लागून लागून त्यांची जीभ झिजली. शेवटी ती उडाली आणि वाफेने म्हातारा भाजला. पुढचं ऐक. दवाखान्यात प्रेत न्यायला पुजारीकाका आले, मौलवीसाहेब आले, चर्चमधल्या सिस्टरही आल्या. बाबांचा धर्म कुणालाच माहीत नाही. विचारलं की म्हणायचे, भट्टीला कुठे धर्म असतो. जिवंतपणी घोटभर पाणी कुणी विचारलं नाही आणि मेल्यावर तीन वाली! बसले तिघं एका बाकावर. मग तिघांनी मिळूनच पोचवलं, आणि परत येताना ठरवलं की मालकाला जाब विचारायचा.

त्यातून आम्हा कामगारांचं मंडळ झालंय. मुकादम सर्कस म्हणतो. नियम असा, की आपलं गाऱ्हाणं आपण नाही सांगायचं, दुसऱ्या धर्माच्या माणसाने सांगायचं. म्हणजे मालकाला म्हणता येत नाही की तुमच्या लोकांची नेहमीचीच रड. चावी बदलली बघ त्यामुळे.

आता माझी पाळी म्हणतात. पिल्लूला मी चादरींच्या घड्या घालायच्या टेबलाखाली निजवते. वाफेने त्याची छाती शिट्टीसारखी वाजते. हे ट्रकवर, घरी कुणी नाही, ठेवू कुठे? वर सुकी खोली रिकामी पडलीय, ती पोरांना द्या, असं इस्त्रीवाली भाभी माझ्यासाठी बोलणार आहे. भावजींना नमस्कार. माया पातळ करू नकोस.
तुझी धाकटी

ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून तुझ्या भावजींचा चहा गार झाला.

अगं, रेड्यांच्या टकरीत झाडाचा चुराडा. ते तिघं संध्याकाळी आपापल्या देवाकडे जातील, तू कुणाकडे जाशील? आपल्या घरात कुणी मालकासमोर मान वर केली नाही म्हणून दोन घास मिळाले. पिल्लूला माझ्याकडे पाठव. माझी कूस रिकामी म्हणून मागत नाही. खरं सांगायचं तर म्हणूनही मागते. इथे हवा कोरडी आहे. त्या भाभीच्या फार गळ्यात पडू नकोस. राग आला तर येऊ दे, पण पत्र टाक.
तुझी ताई

ता. २५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. राग आला आणि गेलाही. पिल्लू देणार नाही. तू लाडाने त्याचं माकड करशील.

खोली मिळाली, ताई! भाभी बोलली. मालकाला म्हणाली की तुमच्या चादरी कोरड्या जागी ठेवता, मग लेकरू ओल्यात का. मालक हसला, खोली दिली. आणि दुसऱ्या दिवशी भाभीला उर्मट म्हणून काढून टाकलं.

पिल्लू वर निजतं. छाती वाजत नाही. मी खाली एकटी चादरीची दोन टोकं धरायला बघते. दुसरी दोन भाभी धरायची.

मंडळ बसलं. भाभीसाठी बोलणार कोण? मौलवीसाहेब उठायला लागले, तर सगळ्यांनीच नियम काढला, की तुम्ही तिचेच, तुम्हाला चालत नाही. बिचारे गुडघ्यांवर हात ठेवून बसले. पुजारीकाका म्हणाले, घाई नको, मिळालंय तेही जाईल. सिस्टर म्हणाल्या, मालकाचा राग निवू द्या. आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. नियम आम्हीच केला आणि त्यातच आम्ही अडकलो.

ताई, काय करू ते लिही. नाहीतर नकोच लिहू, तू काय लिहिणार ते ठाऊक आहे. माझ्यावरचा जीव आहे तसाच असू दे.
तुझी धाकटी

ता. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. मी गेले. एकटीच गेले. पुजारीकाका फाटकापर्यंत आले आणि त्यांना काम आठवलं.

मालकाने मला बस म्हटलं. मला वाटलं होतं ओरडेल, तर आवाज मऊ. म्हणाला, भाभीला परत घेतो, पण मग खोलीला कुलूप. एका तोंडाला दोन घास मी देत नाही. तूच सांग, काय हवं. मी म्हटलं, भाभीला घ्या.

भाभी आली. मला वाटलं गळ्यात पडेल. तिने इस्त्री आदळली आणि म्हणाली, "मी काम घालवलं ते तुझ्या पोराच्या छातीसाठी, आणि तू ती विकून मला परत आणलंस?" तेव्हापासून बोलत नाही. चादर धरते, पण बघते भलतीकडे.

मंडळाने सभा घेतली. तिघं खुर्च्यांवर बसले आणि मोठा विजय झाला म्हणाले. टाळ्या झाल्या. मला पुढे बोलावून हार घालायला निघाले, तर पिल्लूला खोकल्याची उबळ आली म्हणून मी बाहेर घेऊन गेले. खोकला थांबेपर्यंत आत भाषणं चालू होती.

परत टेबलाखाली निजतं गं. काल ओठ काळेनिळे झाले. सिस्टर म्हणाल्या, याला इथे ठेवू नकोस. हे मंडळात का नाही बोलल्या, ते मी विचारलं नाही.

अंगावरचं दूध तोडलंय. रविवारी घेऊन येते. त्याला उजव्या कुशीवर निजवत जा, श्वास बरा लागतो. मला निरोप द्यायला फाटकापर्यंत येऊ नका. आणि एवढं ऐक, मी तिथे असेपर्यंत त्याला जवळ घेऊ नकोस. मी वळणाआड गेले की घे.
तुझी धाकटी