तीन वर्षं स्वच्छतामंत्री

गुरुजी, आज माझ्या शाळेत विद्यार्थ्यांचं मंत्रिमंडळ निवडलं आणि तुमची आठवण आली. चांगली आली असं म्हणणार नाही. मी कळंबजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. तुम्ही गेलात तेव्हा फोटोला हार घालायला मीही आले होते, वाकून नमस्कारसुद्धा केला. तेव्हा जे गिळलं ते आज लिहिते आहे.

तुमच्या शाळेतही दर जूनला मंत्रिमंडळ व्हायचं. मुख्यमंत्री, अभ्यासमंत्री, क्रीडामंत्री, सगळे हात वर करून निवडले जायचे. स्वच्छतामंत्र्यासाठी मात्र कुणाला हात वर करायची तसदी घ्यावी लागायची नाही. ते नाव तुम्हीच सांगायचात आणि पाचवी ते सातवी ते माझंच होतं. माझ्याआधीची मुलगी आमच्याच बौद्धवाडीतली, तिच्याआधी तिची थोरली बहीण. क्रीडामंत्री शिट्टी वाजवायचा, अभ्यासमंत्री वह्या गोळा करायचा. मी शाळा भरायच्या आधी यायचे, बोअरिंगवरून बादल्या भरायचे, मुतारी खराट्यानं घासायचे, फिनेल ओतायचे, कडेनं हातानंच चुना टाकायचे. मग शिक्षकांच्या संडासाचं कुलूप काढायचे, तोही धुवायचे, पुन्हा कुलूप लावून चावी तुमच्या टेबलावर ठेवायचे. मुलींसाठी संडास नव्हताच. मला लागली की मी ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीमागे जायचे. रोज धुतलेल्या त्या संडासात आपणही एकदा जावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही, याचा आज सगळ्यात जास्त संताप येतो. "हिच्यासारखी टापटीप कुणाला जमत नाही," असं तुम्ही प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर म्हणायचात आणि मी दिवसभर हवेत असायचे.

सातवीत चुन्यानं माझ्या बोटांची सालं निघाली, ती आईनं पाहिली. भाताची लावणी अर्धी टाकून, चिखलाच्या पायांनी ती शाळेत आली. व्हरांड्याची पायरी चढली नाही, खालूनच बोलली. "गुरुजी, दरसाल आमच्याच पोरींच्या हातात खराटा कसा काय?"

"अहो, मंत्री आहे ती. मान आहे तो," तुम्ही म्हणालात.

"मान हाय ना? मग एक वरीस पाटलांच्या नातीला द्या की."

तुम्ही चिडला नाहीत. चिडला असतात तर बरं झालं असतं. हसून माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "तिलाच विचारा, मी कधी जबरदस्ती केली का?"

"सांग गं," आई म्हणाली. "मी हाय इथं. घाबरू नको."

मी म्हणाले, "मला आवडतं. तू कशाला आलीस इथं?"

आईनं आपल्या चिखलाच्या पायांकडे बघितलं आणि ती निघून गेली. त्यानंतर ती माझ्या कुठल्याच शाळेत आली नाही. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा किती विनवलं, तर म्हणाली, "साळेत माजं काय काम हाय?"

आज मी स्वच्छतामंत्रीपद काढून टाकलं. संडास-मुतारी धुण्याच्या पाळीसाठी सगळ्या वर्गांच्या चिठ्ठ्या टाकल्या, त्यात शिक्षकांचीही एक टाकली. एका सरांचं तोंड वाकडं झालं. होऊ दे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, फाडूनच टाकीन. तुमच्यावरचा राग खरा आहे आणि तो तुम्ही मेलात म्हणून कमी झालेला नाही. पण खरं सांगायचं तर लिहायचं होतं ते आईला. ती पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडत बसली आहे, चार पावलांवर. तुम्ही उलटून काही विचारणार नाही. ती विचारील, "तेव्हा खरं का गं नाय बोललीस?" आणि मला सांगावं लागेल की मी तुम्हाला घाबरले नव्हते. तिच्यापेक्षा मला तुमची शाबासकी हवी होती.