सात तळ्यांच्या शहराचं बीज

माय, त्या शहरातली माणसं कुठं गेली ते अजून कळलेलं नाही. तुला जाऊन आठ वर्षं झाली. गोष्ट मात्र चालूच आहे, दर महिन्याला मासिकाची चार पानं. दूरच्या ताऱ्याजवळचं ते सात तळ्यांचं शहर तुला आठवत असेल. आपली माणसं अग्निबाणातून तिथं उतरतात तेव्हा तळी आटलेली, दारं नीट ओढून घेतलेली, चुली सारवलेल्या, आणि माणूस एकही नाही. लेखक पुढं कितीतरी ग्रह फिरून आला, पण त्या शहराबद्दल त्याने पुन्हा अवाक्षर काढलं नाही. म्हणून आता वाचकच मासिकात पत्रं लिहून भांडतात. कोणी म्हणतो युद्ध झालं असेल, कोणी म्हणतो साथ आली असेल.

मास्तरांकडून मागून आणलेला अंक मी तुला चुलीपाशी वाचून दाखवायचो. चौथीनंतर शाळा सुटली होती, तरी वाचताना एक अक्षर गाळलेलं मला चालत नसे. तू मांडीवर फाटकं जाळं घेऊन बसली आहेस. बांबूची सुई मधेच थांबते.

"हाडं सापडली का रे बापू कुठी?"

"नाही."

"मंग मेले नाई ते. उन्हाळ्यात आपण तळं सोडतो, तसं सोडलं त्याहिनं. बीज ठेवून गेले असन. खोल जागा पाहाले सांग त्याहिले."

दारात बसलेला काका हसतो. "चांदण्यायवरच्या लोकाईची काळजी करून राह्यली वैनी, अन् इथी भात करपून राह्यला!"

मीही तुला तोडून बोललो. हे शास्त्र आहे, मासेमारी नाही, तुला त्यातलं काय कळतं, असं म्हणालो. तू पुन्हा सुई चालवायला लागलीस. भात खरंच करपला होता. खालचा करपलेला तू घेतलास.

तळं आटत आलं की आपली सगळी घरं मिळून मासे काढायची, पण मधल्या खोल खड्ड्यात जाळं टाकायचं नाही, हे मला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक होतं. खड्ड्यातल्या मरळी म्हणजे पुढच्या सालाचं बीज. पाणी आलं की त्यांच्याच पिलांनी तळं भरायचं. तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात तू तापाने पडलीस. पोटात काही ठरेना, आणि एकदा म्हणालीस, मरळीचा रस्सा असता तर घेतला असता. बाकी तळ्यात चिखल उरला होता. भर दुपारी, कोणी नसताना, मी खड्ड्यात जाळं टाकलं. एकच आली, अंड्यांनी पोट टरटरलेली. दुसऱ्यांदा टाकून पाहायचं धाडस झालं नाही.

"पोंभुर्ण्याच्या बाजारातून आणली," मी सांगितलं.

तू त्या मासळीकडे बराच वेळ पाहिलंस. जन्मभर त्याच तळ्याची मासळी हाताळलेली तू. दोन घोट रस्सा घेतलास आणि म्हणालीस, "अजून राह्यल्या असतीन ना रे बापू तिथी?"

तिथं म्हणजे कुठं, हे मी विचारलं नाही. हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी तू गेलीस. पुढच्या साली तळ्यात मरळ फार कमी निघाली. पाऊस कमी झाला म्हणून, असं काका म्हणाला. मी मान डोलावली.

आता मी राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीवर हजेरी लिहितो. या महिन्याच्या अंकात माझं पत्र छापून आलं आहे. माझ्या आईचं मत, असं सुरुवातीलाच लिहिलं होतं, आणि तुझं बीजाचं म्हणणं जसंच्या तसं मांडलं होतं. संपादकांनी खाली टीप दिली की इतक्या वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं. चांद्याच्या वाचनालयात येणाऱ्या एका गृहस्थांनी तर जुना अंक काढून मला दाखवलं, त्या शहराच्या मधोमध एक झाकलेली विहीर होती, आणि आपल्या लोकांनी ती उघडून पाहिलीच नव्हती.

पत्र धाडण्याआधी मी ते तीनदा तपासलं. एक वेलांटी चुकली नाही. त्यात एक वाक्य आहे, "घरात कितीही अडचण असो, आमच्या गावात त्या खड्ड्यात कोणीही जाळं टाकत नाही." ते तिन्ही वेळा वाचलं आणि तसंच राहू दिलं.

तुला लिहिलेला हा कागद घडी करून त्या अंकात ठेवतो. लेखकाने ती विहीर आता उघडावी, असं एक विनंतीपत्र ते वाचनालयातले गृहस्थ सगळ्या वाचकांच्या सह्या घेऊन पाठवणार आहेत. माय, मी अजून सही केलेली नाही.